कौलं कोण चाळणार?

पनवेल म्हटलं की लोकांना आठवतो तो एस.टी. स्टँड. कोकणात जाणारी गाडी इथं थांबते, माणसं उतरतात, चहा घेतात, पाय मोकळे करतात आणि कंडक्टरनं घंटी मारली की परत आपापल्या सीटवर. लाखो माणसांनी पनवेल असं दहा-दहा मिनिटं पाहिलंय. त्यात माझे सासरचे-माहेरचे पुष्कळ नातेवाईकही आले. म्हणून परवा अमेरिकेतल्या भाच्यानं फोनवर विचारलं, "मावशी, तू दर महिन्याला ग्रुपबरोबर हिंडतेस म्हणे. पनवेलमध्ये बघण्यासारखं आहे तरी काय?", तेव्हा मला राग आला नाही. सांगायला सुरुवात केली, पण त्याच्या ऑफिसची वेळ झाली आणि गोष्ट अर्धवट राहिली. म्हटलं, आता इथंच सविस्तर लिहू. लिहायला आणखीही एक कारण आहे, ते पुढे येईलच.

तर आमची मंडळी. नाव नाही, नोंदणी नाही, वर्गणी नाही. २०२२ साली, करोनाची भीती जरा ओसरल्यावर, वडाळे तलावाच्या काठी संध्याकाळी फिरायला येणारे आम्ही सातआठ जण एकमेकांशी बोलायला लागलो आणि त्यातून हे सुरू झालं. एक चित्रकलेचे निवृत्त सर, एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ (त्यांना सगळे 'साहेब'च म्हणतात), पोस्टातल्या एक ताई, दोघी जावा, मी, आणि दादा. दादांचं बाजारपेठेत दुकान होतं, आता मुलगा बघतो. नियम तीनच. महिन्यातून एकदा जायचं; एकदा जवळ, एकदा लांब. डबा घरून आणायचा. आणि कुणीही दहा मिनिटांपेक्षा जास्त माहिती सांगायची नाही. हा तिसरा नियम खास माझ्यासाठी केलाय असा माझा संशय आहे. छत्तीस वर्षं वर्गावर काढलेल्या बाईला दहा मिनिटं म्हणजे हजेरीसुद्धा पुरी होत नाही हो!

पण पनवेलबद्दल थोडं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून इथं तो नियम मोडते.

आमचं गाव मुळात बंदर. मुंबईहून पुण्याला जायचं तर होडीनं खाडीतून पनवेलला यायचं आणि इथून पुढे रस्त्यानं घाट चढायचा, अशी वहिवाट होती. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला तेव्हा पनवेलची चांगलीच चलती झाली असणार. तांदूळ, मीठ, लाकूड, उतारू, टपाल, सगळं इथून जायचं. १८५२ साली इथं नगरपालिका झाली, म्हणजे राज्यातल्या अगदी जुन्यांपैकी एक. मग १८६३ मध्ये घाटातून रेल्वे गेली ती कल्याण-कर्जतवरून, पनवेलला बाजूला ठेवून. बंदराकडे येणारी पुण्याची वाट तिथून आटली. त्याआधी ज्यांनी पैसा कमावला होता त्यांचे वाडे मात्र उभे राहिले होते. लाकडी खांबांचे, चौकाचे, पुढे ओटा आणि मागे विहीर असलेले. आणि पुढची शंभर वर्षं गावात फारसं काही घडलं नाही म्हणून ते टिकले, असं माझं मत आहे. गावाची भरभराट झाली की पहिली गदा जुन्या घरांवर येते. आता बघा ना, २०१६ मध्ये महानगरपालिका झाली, २०२५ च्या ऑक्टोबरात विमानतळाचं उद्घाटन झालं आणि डिसेंबरात विमानं उडू लागली. जागेच्या भावाबद्दल मी काय सांगणार!

असो. आम्ही काय काय पाहिलं ते सांगते. बल्लाळेश्वराचं देऊळ आणि विरूपाक्षाचं देऊळ सगळ्यांच्या रोजच्या जाण्यायेण्यातलं, पण सरांनी आम्हाला तिथं खांबांकडे बघायला लावलं. एकदा शिरढोणला गेलो, वासुदेव बळवंत फडक्यांच्या गावी. १८४५ चा त्यांचा जन्म तिथला. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. त्या अंगणातून कर्नाळ्याचा सुळका शोधत आम्ही अर्धा तास घालवला, आणि दोघी जावांचं दिशांवरून जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही.

पण सगळ्यांच्या मनात राहिली ती सिनेगॉगची भेट. पनवेलला बेने इस्रायल ज्यूंचं बेथ एल नावाचं सिनेगॉग आहे, १८४९ सालचं. म्हणजे आमच्या नगरपालिकेहून तीन वर्षांनी मोठं! गावात इस्रायल तलावही आहे. तलावाचं नाव बदलून घ्यावं असं कुणाला कधी वाटलं नाही, याचं मला बरं वाटतं. आधी विचारून, वेळ ठरवून गेलो. चपला बाहेर काढायच्या का, या प्रश्नावर दारात पाच मिनिटं गेली. आत आम्हाला माहिती सांगायला त्यांच्यातल्या एक वयस्क बाई आल्या होत्या. नऊवारीत नव्हत्या, पण बोलणं असं ठसक्याचं रायगडी, की पोस्टातल्या ताई म्हणाल्या, "अहो, ह्या तर माझ्या आत्याबाईंसारखं बोलतात!"

मधोमध उंचवट्यावर कठडा असलेली जागा, तिथून धर्मग्रंथ वाचतात. पश्चिमेच्या भिंतीला पडद्यामागे कपाट, त्यात त्या ग्रंथाच्या हातानं लिहिलेल्या गुंडाळ्या. पश्चिमेलाच का? तर जेरुसलेम आपल्या पश्चिमेला, म्हणून तोंड तिकडे. साहेबांनी लगेच हातानं दिशा काढून बघितल्या. बाईंनी सांगितलं की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागले आणि सात जोडपी वाचली, अशी त्यांच्यातली परंपरागत गोष्ट आहे. पुढे कोकणात ते तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक म्हणायचे 'शनिवार तेली'. आडनावं गावांवरून: पेणकर, रोहेकर, किहीमकर, आणि हो, पनवेलकरसुद्धा. शुभकार्याला त्यांच्यात मलिदा करतात. भिजवलेले गोड पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर सुकामेवा, बरोबर फळं, आणि एलियाहू हन्नबीचं नाव घेतात. अलिबागकडे खंडाळ्याला त्याच्या नावाचा टापा आहे, तिथं नवस फेडायला जातात. दोघी जावांपैकी धाकटी पटकन म्हणाली, "म्हणजे आमच्यासारखंच की." बाई हसल्या आणि म्हणाल्या, "बाई गं, आम्ही इथलेच आहोत. तुमच्यासारखं असायला कुठून यायचं?"

त्यांच्या घरातले बहुतेक जण इस्रायलला गेलेले. १९४८ नंतर हळूहळू सगळी आळी रिकामी होत गेली, असं त्या सांगत होत्या. तिकडे गेलेल्यांनी मराठीत 'मायबोली' नावाचं नियतकालिकसुद्धा काढलं. हे ऐकून मला माझ्या भाच्याची आठवण झाली. त्याच्या मुलांना 'ळ' म्हणता येत नाही. मी विचारलं, तुम्ही का नाही गेलात? तर म्हणाल्या, "दिवा कोण लावणार?" एवढंच. त्यात मोठेपणा नव्हता, 'दूध कोण घेणार' म्हणावं तितक्या सहज म्हणाल्या. दादा त्या वेळी खांबाला टेकून उभे होते. ते दिवसभर गप्पच होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

लांबच्या सहली म्हणजे बहुधा मुंबई. पनवेलहून हार्बर लोकल सुटते, त्यामुळे आम्हाला बसायला जागा मिळते, हा या वयात मोठाच लाभ. सवा-दीड तासात सी.एस.एम.टी. शेवटून दुसरं स्टेशन मशीद. सिनेगॉगला जाऊन आल्यावर पुढच्याच महिन्यात गेलो होतो, म्हणून मी सांगून टाकलं की या स्टेशनाचं नाव मुसलमानांच्या मशिदीवरून नाही, जवळच्या सिनेगॉगवरून पडलं असं सांगतात. बेने इस्रायल लोक आपल्या प्रार्थनागृहाला पूर्वी मशीदच म्हणायचे. ते सिनेगॉग १७९६ सालचं, सॅम्युएल दिवेकर नावाच्या कंपनी सरकारच्या फौजेतल्या माणसानं बांधलेलं. टिपूच्या कैदेतून सुटून आलेला माणूस तो! डब्यातल्या दोन अनोळखी कॉलेजच्या मुलीही ऐकत होत्या. एकीनं कानातली वायर काढली. शिक्षकाला आणखी काय हवं असतं?

जहांगीर आर्ट गॅलरीत आम्ही चारपाच वेळा तरी गेलोय. १९५२ पासूनची ती गॅलरी, सर कावसजी जहांगीरांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या नावानं देणगी देऊन उभी केलेली. तिकीट नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा आमच्यातल्या निम्म्यांना वाटत होतं की चित्रातलं कळत नाही तर जायचं कशाला. सरांनी युक्ती सांगितली. सगळी चित्रं बघायची नाहीत. एक फेरी मारायची, जिथं पाय अडेल तिथं थांबायचं, आणि दहा मिनिटं हलायचं नाही. नावाची पट्टी शेवटी वाचायची. दहा मिनिटं एका चित्रासमोर उभं राहणं फार अवघड असतं, करून बघा. तिसऱ्या मिनिटाला घरचा गॅस आठवतो. सहाव्या मिनिटाला मात्र चित्रातल्या कोपऱ्यात काहीतरी दिसायला लागतं, जे आधी नव्हतंच असं वाटतं. सरांचं स्वतःचं प्रदर्शन तिथं व्हावं अशी त्यांची तरुणपणी फार इच्छा होती. त्यासाठी अर्ज करून वर्षानुवर्षं नंबरची वाट बघावी लागते. त्यांनी शाळा, ग्रेड परीक्षा आणि गणपतीचे मखर यांतच हात झिजवला. याबद्दल ते काही बोलत नाहीत, आम्हीही विचारत नाही. बाहेर फुटपाथवर चित्रकार बसतात, त्यांच्याजवळ मात्र ते तासभर रेंगाळतात.

त्या सहलीत जहांगीरनंतर शेजारच्या संग्रहालयात गेलो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, आमच्या वेळचं प्रिन्स ऑफ वेल्स. १९०५ साली पायाभरणी, जॉर्ज विटेटचा आराखडा, इमारत १९१४ ला तयार झाली, पण महायुद्धात तिथं लष्करी इस्पितळ होतं, म्हणून लोकांसाठी उघडली ती १९२२ मध्ये. कुर्ल्याचा काळसर दगड आणि मालाडचा पिवळसर. डोक्यावर विजापूरची आठवण करून देणारा घुमट. पण मला सांगायचंय ते आतलं. घुमटाखाली उभं राहून वर पाहिलं की लाकडी सज्जा दिसतो. तो अठराव्या शतकातल्या एका मराठी वाड्याचा आहे. त्याचे खांब, कठडे आणून विटेटनं या इमारतीत बसवले. हजारो माणसं त्याखालून जातात, ममी आणि तलवारी बघायला. वर कोण बघतो?

दादांनी बघितलं. आम्ही दोन दालनं फिरून आलो तरी ते तिथंच मान वर करून उभे. मला वाटलं चक्कर आली. जवळ गेले तर म्हणाले, "बाई, आमचे खांब असेच आहेत. पण ह्यांच्यावरचं छप्पर गळत नाही."

परतीच्या गाडीत, वाशीचा पूल ओलांडल्यावर, त्यांनी सांगितलं. वाडा द्यायचं ठरलंय. सातही भागधारकांच्या सह्या झाल्या. दिवाळीनंतर पाडायला घेणार, सात मजली होईल, प्रत्येकाला एकेक फ्लॅट.

डब्यात कुणी बोलेना. मग साहेब बोलले. साहेब माणूस चांगला, पण बोलायला लागले की ठराव मांडल्यासारखं. ते म्हणाले, हा आपल्या गावाचा वारसा आहे, दादा, असं कसं करता? मुंबईत बघा, १९९५ साली वारसा-इमारतींचे नियम झाले, देशात पहिले. आपण निवेदन देऊ, सह्यांची मोहीम काढू. दादा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "साहेब, तुम्ही मागच्या वर्षी आमच्याकडे आलात, पंचवीस फोटो काढलेत, चहा घेतलात. आनंद वाटला. आता जुलैत या. बादल्या घेऊन या." आणि थोड्या वेळानं, "कौलं कोण चाळणार, सांगा. माणूस मिळत नाही. मिळाला तर मागेल ते द्यावं लागतं. मी एकाहत्तरचा, मुलगा चढणार नाही."

साहेबांना राग आला असावा, मानसरोवर ते पनवेल ते खिडकीबाहेर बघत होते.

मला इथं माझं मत सांगायचंय, आणि ते सगळ्यांना पटेल असं नाही. वाडा पाडला जाणार हे ऐकून माझ्याही पोटात कालवलं. पण वारसा हा शब्द उच्चारायला पाहुण्याला काही खर्च येत नाही. देवळाला देवस्थान असतं, किल्ल्याला सरकार असतं, संग्रहालयाला तिकीट असतं. राहत्या घराला कुणी नसतं. दरवर्षी मेमध्ये कौलं उतरवून झाडून पुन्हा रचायची, फुटलेली बदलायची, कुजलेला वासा काढायचा, रिपा ठोकायच्या. तुळईला वाळवी लागली की सुतार शोधायचा, आणि तसं काम येणारा सुतार आता राहिला नाही. सात भागधारकांपैकी पाच बाहेरगावी. ते पाहुण्यासारखे येतात, झोपाळ्यावर बसतात, 'किती गार वाटतं' म्हणतात आणि जातात. नियम करून घर यादीत टाकलं आणि मालकाच्या हातात डागडुजीला पैसा दिला नाही, तर ती यादी म्हणजे त्याच्या गळ्यातलं लोढणंच. हे मी साहेबांना तलावाकाठी सांगितलं. ते म्हणाले, "मग सहलींना जायचं कशाला? जे उरणार नाही ते बघून काय करायचं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. साहेबांचा प्रश्न खोटा नाही.

पुढच्या महिन्याची सहल दादांनीच ठरवली. म्हणाले, लांब नको, आमच्याकडेच या. वहिनी गुडघ्यांमुळे आमच्याबरोबर कधी येत नाहीत, त्यांनी थालीपीठं केली होती. डब्याचा नियम त्या दिवशी मोडला. दादांनी आम्हाला सगळा वाडा दाखवला, एखाद्या परक्याला दाखवावा तसा. पुढचा ओटा, दिंडी, ओसरी, मग पाच खणी चौक. चौकोनी सागवानी खांब, खाली दगडी उथाळं, वर कोरलेले हस्त. माजघर, त्यात बळद; धान्य ठेवायची भिंतीतली ती जागा दोघी जावांनी डोकं आत घालून बघितली. माळ्यावर जाणारा भिंतीतला जिना, इतका अरुंद की साहेब मधेच अडकले आणि सगळ्यांच्या मनावरचा ताण जरा हसण्यात गेला.

शेवटी स्वयंपाकघर. तिथं मी वहिनींना नको तो प्रश्न विचारला, असं पोस्टातल्या ताईंचं मत. मी विचारलं, "वहिनी, तुम्हाला वाईट वाटतंय का हो?" वहिनी थालीपीठ उलटत होत्या. दुपारचे बारा वाजलेले आणि डोक्यावर बल्ब चालू. म्हणाल्या, "अठ्ठेचाळीस वर्षं मी दिवसा दिवा लावून भाजी चिरतेय. सासूबाई चुलीवर करायच्या, त्यांचे डोळे त्यातच गेले. मला खिडकी असलेला ओटा मिळणार आहे, बाई. ह्यांना वाईट वाटतंय, मला कळतं. मी ह्यांच्यासमोर बोलत नाही." वाड्याच्या गार सावलीचं मी वर जे कौतुक केलं, ते चौकातल्या झोपाळ्यावर बसणाऱ्याचं आहे.

जुनं लाकूड घ्यायला दोन व्यापारी येऊन गेले होते. असे खांब हल्ली हॉटेलांत, रिसॉर्टांत लावतात. दादांनी एक जोडी राखून ठेवायला सांगितली आहे, फ्लॅटमध्ये कुठं मावणार ते माहीत नाही.

जेवण झाल्यावर सर उठले आणि पिशवीतून टेप काढली. कुणाशी काही बोलले नव्हते. म्हणाले, "दादा, हरकत नसेल तर मी मापं घेतो. पाडायच्या आत काढून ठेवतो सगळं." तेव्हापासून गेले सहा रविवार आम्ही तिथंच आहोत. महिन्यातून एकदाचा नियम गेला उडत. सर काढतात, साहेब टेपचं दुसरं टोक धरतात (हो, साहेबच, आणि आकडा इतक्या मोठ्यानं सांगतात की शेजारी येऊन बघून गेले), मी वहीत लिहिते. प्रत्येक खांब, प्रत्येक कोनाडा, दिंडीच्या अडसराची लांबी. दोघी जावा वहिनींना प्रत्येक वस्तूचं नाव विचारून घेतात: फडताळ, शिंकाळं, मांडणी, उतरंड. सरांच्या कागदांचं पुढे काय करायचं ते ठरलेलं नाही. दादांच्या मुलानं विचारलं, नव्या इमारतीच्या जिन्यात लावूया का? सर म्हणाले, बघू.

गेल्या रविवारी आकडे जुळेनात. पुढची बाजू चौतीस फूट, मागची साडेएकतीस. साहेबांनी माझ्या वहीवर शंका घेतली, म्हणून पुन्हा मोजलं. तीच मापं. मग सरांच्या लक्षात आलं की डावीकडची भिंत सरळ नाही, मागे जाता जाता ती आत वळत गेलीय. बाहेरून, आतून, कुठूनच डोळ्याला कळत नाही. दादा याच घरात जन्मले, त्यांनाही माहीत नव्हतं. ते म्हणाले, पलीकडून पूर्वी विहिरीकडे जायची वाट असणार, तिला जागा सोडली असेल.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या भिंतीला त्यांचं लाकडी फडताळ आहे. एका टोकाला ते भिंतीला चिकटतं, दुसऱ्या टोकाला चार बोटं फट राहते, आणि तिथं त्या इतकी वर्षं वर्तमानपत्राची घडी कोंबत आल्यात.

"म्हणजे सुताराचं काम बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "मी त्याचे पाच रुपये कापले होते हो."